'सेगेरा' : एका स्पॅनिश शब्दाची व्युत्पत्ती व अर्थ

स्पॅनिश भाषेत अंधत्वाला 'सेगेरा' आणि आंधळ्याला 'सिएगो' म्हणतात. मूळ एकच असता एकात 'ए' व दुसऱ्यात 'इए' का, हे आघातावरून उलगडते. लॅटिन 'काएकुस' (आंधळा) या शब्दातील आद्य संयुक्त स्वराचा पुढे विवृत 'ए' झाला. स्पॅनिशमध्ये आघात पडेल तेथेच त्याचा 'इए' होतो. मधल्या 'क'चाही 'ग' झाला व 'सिएगो' सिद्ध झाला. 'सेगेरा'त आघात प्रत्ययावर सरकल्याने 'ए' टिकला. हाच प्रत्यय 'सोर्देरा' (बहिरेपणा) या शब्दातही आहे.

दृष्टिहीनता हा 'सेगेरा'चा वाच्यार्थ. विकाराने विवेक झाकोळणे हा लक्ष्यार्थ. हा लक्ष्यार्थ स्पॅनिशने नव्याने जोडलेला नाही. 'काएकुस' म्हणजे न पाहणारा, न दिसणारा आणि मतीने आंधळाही. परंतु शरीराची उणीव व बुद्धीचा दोष एकाच शब्दात नांदू लागले की दुसऱ्याचा कलंक पहिलीला लागतो. 'इन्विदेन्ते' (न पाहणारा) हा सौम्य पर्याय स्पॅनिशमध्ये आहे. तथापि १९३८ साली स्थापन झालेल्या स्पेनच्या राष्ट्रीय अंध संघटनेने आपल्या नावात 'सिएगोस' हा जुनाच शब्द राखला आहे.