एका टॅपमध्ये थेट ‘कागदपत्रां’पर्यंत! लांब पानातली ही उडी चालते कशी?

मेहकर तालुक्यातील जानेफळमध्ये बसून एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शिष्यवृत्तीचे पान उघडले, असे समजा. पात्रता, अटी, रक्कम, मुदत असे सगळे एकाच लांबलचक पानावर. त्याला हवी असते फक्त कागदपत्रांची यादी. अंगठा वर सरकवता सरकवता ती निसटली, तर तालुक्याच्या गावाची एक खेप वाया जाते. पानाच्या सुरुवातीला ‘कागदपत्रे’ असा दुवा असेल, तर हेच काम एका टॅपमध्ये होते. वर्तमानपत्रातील ‘सविस्तर पान 7 वर’ या सूचनेचेच हे वेबवरचे रूप.

दुवा जागा कशी शोधतो?

पानातील प्रत्येक विभागाला एक ओळखनाव देता येते. त्याला ‘आयडी’ म्हणतात. पत्त्याच्या शेवटी # हे चिन्ह आणि त्यापुढे आयडी लिहिला, की ब्राउझर थेट त्या विभागावर जातो. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची जुळणी केली तेव्हापासून, म्हणजे 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही सोय आहे. # पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही; शोध तुमच्या मोबाइलमध्येच होतो. त्यामुळे रेंज कमी असली तरी एकदा उघडलेल्या पानात उड्या मारायला नव्याने डेटा लागत नाही. ‘मागे’ बटण दाबले, की आधीच्या जागी परतताही येते.

1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे याचे ओळखीचे उदाहरण. लेखात तीनपेक्षा जास्त शीर्षके असली, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. शेजारच्या लोणार सरोवरावरचा लेख वाचणाऱ्याला त्यामुळे हवा तो विभाग गाठता येतो.

मराठीत अडचण कुठे येते?

पहिली अडचण लांबीची. ‘पात्रता’ हा शब्द संगणकासाठी सात चिन्हांचा असतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि दुवा कॉपी करताना प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत रूपांतर होऊ शकते. म्हणजे सात चिन्हांची 63 अक्षरे! असा दुवा पाठवताना अर्धवट तुटला, की पान उघडते, पण वरच थांबते. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. काही कीबोर्ड त्यासाठी न दिसणारे जोडचिन्हही वापरतात. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. संगणकासाठी मात्र ते वेगवेगळे शब्द ठरतात आणि दुवा चुकतो. म्हणून शीर्षक मराठीत ठेवून आयडी मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत देणे सोयीचे.

तिसरी चूक सर्वांत महागाची. एकाच पानावर दोन योजना असतील आणि दोन्हींच्या ‘कागदपत्रे’ विभागाला एकच आयडी असेल, तर ब्राउझर पहिल्याच ठिकाणी नेतो. दुसऱ्या योजनेचा अर्जदार भलतीच यादी घेऊन रांगेत उभा राहतो. विकिपीडिया अशा वेळी दुसऱ्या शीर्षकाच्या आयडीला 2 हा आकडा जोडतो.

वेब अॅपमध्ये काय काळजी घ्यावी?

● आधुनिक अॅपमध्ये आधी रिकामा सांगाडा येतो, मजकूर नंतर. ब्राउझर आयडी शोधतो तेव्हा विभाग तयारच नसतो. त्यामुळे मजकूर आल्यावर त्या विभागापर्यंत सरकण्याची आज्ञा प्रोग्रामरने स्वतः द्यावी लागते.

● वरची पट्टी स्थिर असेल, तर उडीनंतर शीर्षक तिच्याखाली झाकले जाते. ‘स्क्रोल मार्जिन टॉप’ हा गुणधर्म पट्टीच्या उंचीइतका दिला, की शीर्षक मोकळे दिसते.

● चित्रांची लांबी-रुंदी आधी नोंदवलेली नसेल, तर ती उशिरा उघडताना मजकूर खाली ढकलतात आणि साधलेली जागा सुटते.

● हळुवार सरकणारे पान सुंदर दिसते. पण अशा हालचालीने काहींना गरगरते. मोबाइलमध्ये हालचाल कमी ठेवण्याची निवड केलेली असेल, तर अॅपने ती पाळावी.

● दृष्टिहीन वाचक पान ऐकतात. उडीबरोबर स्क्रीन रीडरचे लक्षही नव्या विभागात गेले पाहिजे. नाहीतर डोळस वाचक खाली पोहोचतो आणि ऐकणारा वरच राहतो.

वाचकाने काय करावे?

पानात असे दुवे नसले, तरी मार्ग आहे. क्रोमने 2020मध्ये पानातील नेमक्या ओळीचा दुवा उघडण्याची सोय आणली. पुढे सफारी आणि फायरफॉक्समध्येही ती आली. क्रोममध्ये हवी ती ओळ दाबून निवडा आणि शेअर करा. दुवा उघडणाऱ्याला साधारणपणे तीच ओळ रंगवलेली दिसते. पानावरील मजकूर बदलला, तर मात्र हा दुवा चालत नाही.

गावातील ग्रुपवर योजनेचे पान पाठवताना एवढे केले, तरी पुढच्याला नेमकी यादी मिळते. मात्र ती कोणत्या योजनेची आहे, हे वरचे शीर्षक पाहून एकदा तपासावे आणि मगच अर्ज भरावा.