घरातला मोबाईल बोलता करा

नवीन पनवेल : भाजी विकून आलेले पैसे दृष्टी नसलेल्या माणसाला दुसऱ्याकडून मोजून घ्यावे लागतात. त्यामुळे कष्ट त्याचे असले, तरी व्यवहार दुसऱ्याच्या हाती जातो. यावरचा उपाय पुष्कळ घरांत पडून आहे, तो म्हणजे स्मार्टफोन.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' हा भाग असतो. त्यातले 'टॉकबॅक' सुरू करावे. मग बोट जिथे टेकेल तिथे काय आहे, ते फोन बोलून सांगतो. ते उघडायचे असल्यास बोट लागोपाठ दोनदा टेकवावे. मराठी आवाजही निवडता येतो. डोळस माणसाला ही रीत अवघड वाटते, म्हणून लगेच बंद करू नये. आठ-दहा दिवस सराव होऊ द्यावा. ओटीपी मोठ्याने वाचला जातो, तेव्हा इयरफोन जरूर लावावा.

रिझर्व्ह बँकेने 2020 साली 'मनी' हे अ‍ॅप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची आहे ते कळते. त्यास इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

ऐकू न येणाऱ्यांसाठी 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' आहे. समोरच्याचे मराठी बोलणे ते पडद्यावर लिहून दाखवते.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. तेव्हा घरातल्या शाळकरी मुलांना आजच सांगा, आजोबांचा फोन बोलता करून द्या.