कंपनीचा विमा नोकरीपुरताच. घरची पॉलिसी वेगळी का लागते?

चाकण, रांजणगावच्या एमआयडीसीत पोरगं लागलं की घरचे म्हणतात, दवाखान्याची काळजी मिटली. कंपनीच्या गटविम्यात जुनी शुगर, बीपी बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, ही मोठी सोय. पण आई-वडिलांची नावं त्यात आहेत का, ते आधी एचआरला विचारा. बऱ्याच ठिकाणी नसतात. शिवाय नोकरी सुटली की विमाही सुटतो. मग साठीतल्या वडिलांची नवी पॉलिसी काढायला गेलं, तर हप्ता जड आणि जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. त्यापेक्षा नोकरी चालू असतानाच छोटी का होईना, घरची पॉलिसी काढलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्म भरताना मात्र शुगर लपवू नका, क्लेम तिथंच अडकतो.