पडद्यावरील मराठी अक्षरे नीट दिसण्यासाठी

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्पाच्या रुआबांधा वसाहतीसारख्या ठिकाणी, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांना संगणक वापरताना दुहेरी अडचण येते. पडद्यावरील अक्षरे बारीक किंवा पुसट दिसतात आणि मराठी मजकूर कधी हिंदी वळणाने, तर कधी निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो. यातील बहुतेक दोष यंत्राचे नसून सेटिंगचे असतात आणि ते घरच्या घरी दूर करता येतात. मात्र बँकेचे व निवृत्तिवेतनाचे व्यवहार याच पडद्यावर होत असल्याने मदत कोणाची घ्यावी, हेही जाणून घेणे आवश्यक आहे.

भिलाईचा प्रकल्प उभारण्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा समावेश असलेल्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि २००० मध्ये छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांमुळे संगणकाची ओळख मराठीतून करून घेता आली. राज्याबाहेर मात्र दुकानदार आणि दुरुस्ती करणारे बहुधा हिंदी किंवा इंग्रजी सेटिंगच करून देतात.

अक्षरे बारीक असल्यास

पडदा असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. १९२० गुणिले १०८० ठिपके चौदा इंचांच्या लहान पडद्यावर बसवले, की प्रत्येक ठिपका लहान होतो आणि त्यासोबत अक्षरही. अशा वेळी अनेक जण रिझोल्यूशन कमी करतात. त्यामुळे अक्षरे मोठी होतात खरी, परंतु एका ठिपक्याचे चित्र शेजारच्या ठिपक्यांवर पसरून ती पुसट दिसू लागतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे अवयव असतात. त्यामुळे हा पुसटपणा मराठी वाचकाला अधिक जाचतो.

यावरील योग्य उपाय म्हणजे रिझोल्यूशन शिफारस केलेले ठेवून सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या भागात ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करणे. केवळ एखादे संकेतस्थळ वाचायचे असल्यास कंट्रोल व अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबावी. कंट्रोल आणि शून्य दाबल्यास मूळ आकार परत येतो.

लहान पडद्यावर कधी खिडकीचा खालचा भाग, म्हणजे नेमके ‘ओके’चे बटण, दिसेनासे होते. अशा वेळी अल्ट व स्पेस या कळा एकत्र दाबून नंतर एम दाबावे. त्यानंतर बाणाच्या कळांनी बहुतेक खिडक्या वर सरकवता येतात. विंडोजमध्ये नवे रिझोल्यूशन निवडल्यावर ते कायम ठेवण्याची संमती काही सेकंदांत दिली नाही, तर जुने आपोआप परत येते. त्यामुळे पडदा अचानक काळा झाल्यास घाईने काही न दाबता थोडे थांबावे.

मराठीचे वेगळेपण

हिंदी आणि मराठीची लिपी एकच असली तरी गरजा भिन्न आहेत. मराठीतील ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दातील आडवा रफार उमटला नाही, तर अर्थच बदलतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. पुढे डी दाबून हलन्त द्यावा आणि त्यानंतर ‘य’ टंकलिखित करावा. शिफ्टसह एन दाबल्यास ‘ळ’ उमटतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद असेल तरच मराठी वळण दिसते. म्हणून भाषांच्या यादीत हिंदीसोबत मराठीही जोडावी.

जुन्या फाइलींची अडचण निराळी आहे. शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर मराठी पत्राऐवजी रोमन अक्षरांची गर्दी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तोच फॉन्ट बसवल्यास किंवा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास तो वाचता येतो. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे युनिकोडमधील मजकूर एका विशिष्ट फॉन्टवर अवलंबून राहत नाही.

मदत घेताना

पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाला भिलाईतील आईवडिलांच्या संगणकाचा पडदा दुरून पाहता येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी ‘क्विक असिस्ट’ ही सोय आहे. मदत करणारा एक संकेतांक सांगतो, तो भरून संमती दिल्यावरच जोडणी होते. परंतु हीच सोय अनोळखी व्यक्तीच्या हाती गेल्यास बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. दुरून ताबा देणाऱ्या ‘एनीडेस्क’ या अ‍ॅपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केले होते.

म्हणून मदतीसाठी दूरध्वनी आपण परिचिताला करावा. ‘तुमच्या संगणकात दोष आहे’ असे सांगत स्वतःहून दूरध्वनी करणाऱ्याला संकेतांक, ओटीपी किंवा पडद्याचा ताबा देऊ नये. जोडणी सुरू असताना बँकेचे पान उघडू नये आणि काम संपताच ती बंद करावी. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. त्यामुळे सेटिंग तपासताना संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हेही पाहून घेणे हिताचे ठरेल.