शिक्षकाचे मन थकते तेव्हा

दिवसभर उभे राहून शिकवल्यावर पाय दुखतात, पण रात्री झोप झाली की सकाळी पुन्हा ताजेतवाने वाटते. कधी कधी मात्र उन्हाळ्याची सुट्टी संपली तरी शाळेची पायरी चढावीशी वाटत नाही. पूर्वी आवडणारी मुले नकोशी होतात. 'आपण शिकवून काय फरक पडतो?' असा प्रश्न मनात येतो. या थकव्याला 'बर्न-आउट' असे नाव आहे. आपण त्याला मनाचा शिणवटा म्हणू.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात उत्साहाने येणारे कार्यकर्ते कालांतराने चिडचिडे आणि उदास होताना त्याने पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हा शिणवटा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन बाजू तपासल्या जातात : भावनिक थकवा, माणसांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणात बर्न-आउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे.

शरीरात काय घडते?

संकट दिसताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. छाती धडधडते, रक्तातील साखर वाढते. कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच मेंदूला 'आता थांबा' असा निरोप देते. आपोआप बंद होणाऱ्या विजेच्या इस्त्रीसारखीच ही योजना आहे. पण काळजी रोजचीच असेल, तर शरीराला उसंत मिळत नाही. झोप बिघडते आणि झोप बिघडल्याने ताण आणखी वाढतो.

उपचार कसा चालतो?

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. तिचे सूत्र असे : घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो. समजा, वर्गातील चार मुले नापास झाली. ही घटना. 'माझी सगळी मुले पास झालीच पाहिजेत, नाहीतर मी नालायक शिक्षक' हा विचार. त्यातून येणारी अपराधी भावना हा परिणाम. उपचारक या विचारातील 'च' वर बोट ठेवतो. याला पुरावा काय? निकाल फक्त शिक्षकाच्याच हातात असतो का? उलटतपासणीनंतर विचार असा होतो : 'सगळी मुले पास व्हावीत अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मी झटेन. पण चार मुले नापास झाली म्हणून मी नालायक ठरत नाही.' वाईट वाटतेच, पण हातपाय गळत नाहीत. हा सराव घरीही वहीत लिहून करायचा असतो.

उपचाराची मर्यादा

मात्र वर्गात सत्तर मुले असतील, तर विचार बदलून ती पन्नास होत नाहीत. मास्लाक यांनी मायकेल लायटर यांच्यासह १९९७ मध्ये दाखवून दिले की शिणवट्याची मुळे कामाच्या रचनेत असतात : कामाचा बोजा, निर्णयाचे स्वातंत्र्य, कामाची कदर, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांवर उपाय मुख्याध्यापक, संस्था आणि शासन यांनीच करायचे असतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच म्हटले आहे. ते मागणे ही कुरकुर नव्हे. उपचाराने सावरलेले मन हे मागणे शांतपणे मांडू शकते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक आणि झोप गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो केवळ शिणवटा समजू नये. लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र शासनाच्या 'टेली मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. आपल्या शिक्षकखोलीत एखादा सहकारी अलीकडे गप्प गप्प असेल, तर त्यालाही हा क्रमांक सांगावा.