छी! हेही कुणी खातं?

डबा उघडायचा तो अंगणात, घरात नाही. घरात उघडला तर पडद्यांना, गाद्यांना कितीतरी दिवस वास येत राहील! स्वीडनमधल्या ‘सुरस्ट्रॉमिंग’ची ही कथा. तारली-पेडव्यांच्या कुळातली हेरिंग नावाची मासळी थोड्या मिठात आंबवतात आणि डब्यात भरतात. डब्यातही आंबणं चालूच राहतं, त्यामुळे डबा चक्क फुगतो. २००६ साली एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज या कंपन्यांनी असे डबे विमानातून न्यायला बंदी घातली. तरीही दर ऑगस्टमध्ये स्वीडिश माणसं मित्रमंडळी जमवून, उकडलेले बटाटे नि कांद्याबरोबर ही मासळी मिटक्या मारत खातात.

आइसलँडची मंडळी शार्क मासा आंबवून काही महिने टांगून ठेवतात. कारण त्या शार्कचं ताजं मांस विषारी असतं, मुरल्यावरच ते खाता येतं. त्याला अमोनियासारखा वास येतो. फिलिपिन्समध्ये आत पिल्लू वाढू लागलेलं बदकाचं अंडं उकडून खातात, त्याला ‘बालुत’ म्हणतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर एका चीजमध्ये मुद्दाम माशीच्या अळ्या होऊ देतात. त्याच्या विक्रीवर बंदी आहे, तरी शौकीन ते मिळवतातच.

एव्हाना तुमच्या तोंडून दोनचारदा ‘छी’ निघून गेलं असेल. साहजिक आहे. पण हाच शब्द आपल्या ताटाकडे बघूनही कुणीतरी उच्चारत असतं. ते बघायला स्वीडनला नको, बंगळुरूच्या मल्लेश्वरमपर्यंत गेलं तरी पुरे.

सोवळ्या वस्तीतले उग्र वास

मल्लेश्वरमशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. ज्या काडू मल्लेश्वर देवळावरून या वस्तीला नाव मिळालं, तिथल्या १६६९च्या शिलालेखात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी देवळाला गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे. १८९८च्या प्लेगनंतर इथे मोकळ्या हवेची वसाहत वाढली. देवळं, संगीतसभा, फिल्टर कॉफी, लोण्यातला डोसा अशी तिची ओळख. बहुसंख्य जुनी घरं शाकाहारी. इथे कुणाला नाक मुरडावं लागेल असं काय असणार?

सांबार-रसमच्या फोडणीतला हिंगच घ्या. जर्मन भाषेत हिंगाला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘सैतानाची विष्ठा’! हिंगाच्या वासाचं मूळ त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांत असतं. कांदा-लसणाचा उग्रपणाही गंधकाच्याच संयुगांचा, आणि सिंगापूरच्या मेट्रोत ज्याला बंदी आहे त्या ड्युरियन फळाची दुर्गंधीही बरीचशी त्यांचीच. म्हणजे ज्या घरात कांदा-लसणाला मज्जाव, त्याच घरात त्यांचा हा नातलग डबीत मानानं बसलेला असतो. हा हिंग आपण पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान, इराणकडून आणत आलो. आपल्या देशात त्याच्या लागवडीचा प्रयत्न हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला.

थंडीत बंगळुरूच्या मंडईत अवरेकाईचे ढीग लागतात. ही आपल्या वालाचीच बहीण. तिच्या शेंगांना चिकट तेलकटपणा आणि एक उग्र वास असतो. त्याला कन्नडमध्ये ‘सोगडु’ म्हणतात. नवख्याला तो वास नको होतो. बंगळुरूकर मात्र शेंग नाकाशी धरूनच घेतो, सोगडु नसेल तर ती अवरेकाई कसली! दाणे भिजवून, एकेक दाबून सालं काढायची आणि मग ‘हितकिद बेळे’ची आमटी करायची. बिरड्यासाठी वाल सोलत बसणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणींना हे काम नवं नाही, आणि मोड आलेल्या वालाच्या वासाला नावं ठेवणारेही ठाऊक असतील.

आणि आपला लाडका खरवस? कर्नाटकात त्याला ‘गिण्णू’ म्हणतात. गाय व्याल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात प्रथिनं इतकी असतात की वाफवताच तो आपोआप घट्ट होतो. गूळ-वेलची घातली की वडी तयार. पण वासरासाठी आलेलं पिवळट, दाट दूध वाफवून खायचं, असं एखाद्या परदेशी पाहुण्याला समजावून सांगा आणि त्याचा चेहरा बघा!

किळस शिकवली जाते

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर आयुष्यभर संशोधन केलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात क्षणभर बुडवून काढलं, तरी लोकांना ते सरबत नकोसं झालं. धोका काही नव्हता, तरी मन मानत नव्हतं. उलट रांगतं मूल मात्र माती, मुंगी, किडा, जे हाती लागेल ते तोंडात घालतं. त्याला किळस ठाऊकच नसते. मोठ्यांचे चेहरे आणि आईचं ‘शी! टाक ते!’ यांतून तो धडा ते हळूहळू गिरवतं.

हा धडा गरजेचा आहे. नासलेल्या, घाणीतल्या वस्तूंपासून तो आपल्याला वाचवतो. मात्र त्याच धड्यात घराघराच्या चालीरीतीही मिसळलेल्या असतात. म्हणून कोकणातल्या मुलाला सुकटाच्या वासानं भूक लागते आणि शेजारच्या मुलाला मळमळतं. गडचिरोलीच्या माडिया घरात लाल मुंग्यांची चटणी चवीनं खातात. ओडिशाच्या मयूरभंजमधल्या अशाच चटणीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात. इतके सगळे लोक ‘विचित्र’ कसे असतील?

नाक मुरडण्याची किंमत

इथवर गंमत होती. पण हे नाक मुरडणं ताटापुरतं राहत नाही. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, आखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेतानं करावेत, असा सल्ला तीत होता. आखुनी म्हणजे नागालँडमधले आंबवलेले सोयाबीन, जपानी लोक पौष्टिक म्हणून न्याहारीला खातात त्या ‘नाट्टो’चे नातलग. लग्नाच्या मेजवानीसाठी हा पदार्थ रांधायला दिल्लीत जागा शोधत फिरणाऱ्या तरुणांवर निकोलस खारकोंगोर यांनी ‘आखुनी’ हा चित्रपटही काढला.

आता पुन्हा मल्लेश्वरमला या. कर्नाटकच्या किनारपट्टीवरून आलेली कोंकणी कुटुंबं इथे पुष्कळ आहेत. त्यांच्यात पावसाळ्यात अगदी शाकाहारी घरांतही आवडीनं होते ती ‘कीर्ल’, म्हणजे बांबूचे कोंबच! कोवळ्या कोंबात विषारी सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून ते चिरून, पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवतात आणि मग शिजवतात. त्या पाण्याला येणारा आंबूस वास घरच्यांना पावसाळ्याची वर्दी वाटतो. विदर्भात हेच कोंब ‘वास्ते’ म्हणून खातात. एकाच्या घरी तो सणाचा पदार्थ, दुसऱ्याला मात्र त्यासाठी पोलिसी सल्ला. कोंब तोच, फरक फक्त रांधणाऱ्या हातांचा.

डबा आपला, डबा दुसऱ्याचा

याचा अर्थ प्रत्येकानं सगळंच खावं असा मुळीच नाही. शाकाहार हा कुणाचा धर्म, कुणाची निवड. ती पाळण्याचा पूर्ण हक्क आहे. ‘मी हे खात नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘तुम्ही हे खाता?’ म्हणून हिणवणं वेगळं. पहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्यानं मात्र मधल्या सुट्टीत एखादं मूल आपला डबा झाकून कोपऱ्यात जेवू लागतं, एखाद्या कुटुंबाला भाड्याचं घर मिळत नाही.

घरात दोनतीन गोष्टी सहज करता येतील. मुलांसमोर दुसऱ्याच्या अन्नाला ‘छी’ म्हणू नका, ‘आपल्याकडे हे करत नाहीत’ एवढं पुरे. पाहुणे म्हणून गेल्यावर नको असेल तर हसून नकार द्या, चेहरा वाकडा करू नका. अनोळखी पदार्थ चाखायचा असेल तर तो कसा करतात हे आधी विचारा आणि पिढ्यान्‌पिढ्या तो करणाऱ्यांच्याच हातचा खा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी कीटक टाळलेलेच बरे.

आणि शेजारच्या खिडकीतून कधी अनोळखी वास आला, तर खिडकी लावण्याआधी एकदा विचारून पाहा, ‘वहिनी, आज काय केलंत?’ कदाचित उत्तराबरोबर एक वाटीही येईल. ती खाणं-न खाणं तुमच्या हातात. पण परत देताना वाटी रिकामी देऊ नका. आपल्याकडचा खरवस आहेच की!