आरसा नसल्याने चित्र सुधारते का?

डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे चित्र सरस की डिजिटल एसएलआरचे? या प्रश्नाचे उत्तर किंमत पाहून मिळत नाही. त्यासाठी प्रकाशकिरणांची वाट पाहावी लागते.

एसएलआरमध्ये भिंगामागे तिरपा आरसा असतो. तो दृश्य आपल्या डोळ्याकडे वळवतो आणि बटण दाबताच वर उचलला जातो. रेंजफाइंडरमध्ये दृश्य वेगळ्या खिडकीतून दिसते. तेथे आरसा नाही, म्हणून भिंग पार मागे नेता येते. भिंग बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर निकॉनच्या 'एफ' पद्धतीच्या एसएलआरमध्ये ४६.५ मिलिमीटर, तर लायका 'एम' रेंजफाइंडरमध्ये २७.८ मिलिमीटर असते.

समजा, भिंगाचे नाभीय अंतर २१ मिलिमीटर आहे. साधे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा तेवढ्याच अंतरावर पाडेल. पण एसएलआरमध्ये मध्ये आरसा येतो! म्हणून पुढच्या बाजूस अंतर्गोल भिंगे जोडून प्रतिमा मागे ढकलावी लागते. भिंग मोठे आणि गुंतागुंतीचे होते. रेंजफाइंडरचे भिंग लहान राहते. फिल्मच्या काळात हा मोठाच फायदा होता.

डिजिटल संवेदकाने मात्र चित्र पालटले. विहिरीच्या तळाशी ऊन केव्हा पोचते? सूर्य डोक्यावर असताना. संवेदकावरील प्रकाशग्राहक अशाच इवल्या विहिरी आहेत. जवळच्या भिंगातून निघालेले किरण कोपऱ्यांवर फार तिरपे पडतात, तळाशी कमी पोचतात आणि चित्राचे कोपरे काळवंडतात. एसएलआरच्या दूरच्या भिंगातून येणारे किरण त्यामानाने सरळ येतात. कालची अडचण आज सोय ठरली!

२००६ च्या लायका एम८ मध्ये यावर उपाय केले गेले. संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, २७ × १८ मिलिमीटरचा घेतला. कडेच्या ग्राहकांवरील सूक्ष्म भिंगे मध्याकडे सरकवली. तिरपे किरण जाड काचेत अधिक भरकटतात, म्हणून संवेदकावरील काचही पातळ ठेवली. पण पातळ काचेतून अवरक्त किरण शिरले आणि काही काळे कृत्रिम कापड चित्रात जांभळे दिसू लागले. शेवटी भिंगापुढे वेगळा गाळक लावावा लागला. २००९ च्या एम९ मध्ये पूर्ण ३६ × २४ मिलिमीटरचा संवेदक आला.

तात्पर्य, चित्राचा दर्जा भिंग आणि संवेदक यांच्या जोडीवर ठरतो. वर्गात काळ्या कागदाची नळी उभी धरा आणि वरून विजेरीचा झोत हळूहळू तिरपा करा. तळावरचा उजेड कसा घटतो, ते विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.